लकवा एका रात्रीत येत नाही

मंगरूळपीर तालुक्यातल्या कुठल्याही गावात ‘अमक्याला लकवा मारला’ असे कानावर आले की पुढचे प्रश्न ठरलेले असतात. कोणत्या बाजूला? बोलता येते का? कुठे नेले, अकोल्याला की वाशीमला? चौथा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. त्याला बीपी होते का, आणि असेल तर गोळी कधी बंद केली? पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे मिळेपर्यंत बहुतेक वेळा उशीर झालेला असतो. चौथ्याचे उत्तर मात्र काही महिने, कधी काही वर्षे आधीच घरात पडून असते. फडताळातल्या अर्धवट संपलेल्या गोळ्यांच्या पाकिटात.

हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या आजारांवरचे संशोधन म्हटले की डोळ्यांसमोर येते ते मोठ्या शहरातले रुग्णालय, मनगटातून हृदयापर्यंत सरकवलेली नळी, स्टेंट, नाहीतर परदेशातली प्रयोगशाळा. त्या संशोधनाने असंख्य जीव वाचवले, त्याबद्दल वाद नाही. पण मंगरूळपीरसारख्या तालुक्याच्या दृष्टीने सर्वांत मोलाच्या अभ्यासांपैकी एक विदर्भाच्याच दुसऱ्या टोकाला झाला. त्यासाठी कोणतेही महागडे यंत्र लागले नाही. लागली ती प्रश्नावली, शिकवून तयार केलेली माणसे आणि मृत्यू झालेल्या घराच्या ओट्यावर बसून ऐकण्याची तयारी.

ओट्यावरची विचारपूस

खेड्यात माणूस घरी गेला की कारण कोण लिहिणार? दाखल्यावर ‘वृद्धापकाळ’ लिहिले जाते, नाहीतर ‘अल्पशा आजाराने’. डॉक्टरांनी तपासलेले नसते, शवविच्छेदन होण्याचा प्रश्नच नसतो. मग लोक कशाने मरतात हे सरकारलाही कळत नाही आणि वैद्यकशास्त्रालाही. त्यावर संशोधकांनी काढलेला उपाय म्हणजे ‘मौखिक शवचिकित्सा’. नाव जड असले तरी काम साधे. मृत्यूनंतर काही काळाने प्रशिक्षित कार्यकर्ता त्या घरी जातो. शेवटच्या आजारात काय काय झाले, ताप होता का, छातीत दुखले का, तोंड वाकडे झाले होते का, हात-पाय एका बाजूचे गेले का, किती दिवस अंथरुणावर होते, हे सगळे ठरलेल्या क्रमाने विचारून लिहून घेतो. ती कागदपत्रे वाचून डॉक्टर कारण ठरवतात.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने गडचिरोली जिल्ह्यात ही पद्धत अनेक वर्षे राबवली आहे. तेथील नवजात बालकांच्या मृत्यूंवरचे काम जगाला माहीत आहे. त्याच संस्थेत मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. योगेश्वर कालकोंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोठ्या माणसांच्या मृत्यूंकडे पाहायचे ठरवले. एप्रिल २०११ ते मार्च २०१३ या दोन वर्षांत ८६ गावांतल्या, सुमारे ९४ हजार लोकवस्तीतल्या प्रत्येक मृत्यूची चौकशी झाली. एकूण १,५९९ मृत्यू. निष्कर्ष २०१५ मध्ये ‘स्ट्रोक’ या अमेरिकी नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

गडचिरोली म्हणजे मलेरिया, क्षयरोग, कुपोषण, साप चावणे, असेच चित्र सर्वांच्या डोक्यात होते. यादीच्या वरच्या टोकाला यातले एखादे नाव येईल, अशी अपेक्षा कोणीही केली असती. निघाला तो पक्षाघात, म्हणजेच लकवा. १,५९९ पैकी २२९ मृत्यू एकट्या लकव्याचे होते, साधारण दर सातातला एक. जंगलातल्या, तुलनेने गरीब, कष्टकरी वस्तीत सर्वाधिक बळी घेणारे कारण हे होते. लकवा हा शहरातल्या, बसून खाणाऱ्यांचा आजार आहे, या समजुतीचे त्यानंतर काही उरायला नको होते. ती अजूनही उरली आहे, ही वेगळी गोष्ट.

त्या अहवालातले दोन बारीक आकडे मोठ्या आकड्याइतकेच बोलके आहेत. लकव्याने गेलेल्यांपैकी ८७ टक्क्यांहून अधिक माणसे घरीच गेली. आणि पहिल्या महिन्यात गेलेल्यांचे प्रमाण होते ४६ टक्के. म्हणजे निम्म्याहून जास्त माणसे महिन्याहून अधिक काळ जगली आणि मग गेली. तो काळ कसा गेला असेल हे ज्यांच्या घरात लकव्याचा रुग्ण राहिला आहे त्यांना सांगावे लागत नाही. कूस बदलायला दोन माणसे लागतात. पाठीला जखमा होतात. घास घशात अडकतो, अन्न श्वासनळीत जाऊन न्यूमोनिया होतो. घरातली सून किंवा लेक मजुरीला जायची थांबते. जाणाऱ्यांचे सरासरी वय सुमारे ६७ होते आणि जवळपास निम्म्या स्त्रिया होत्या.

गडचिरोलीचे आकडे जसेच्या तसे उचलून वाशीम जिल्ह्याला लावता येणार नाहीत. तिथे धान आणि जंगल, इथे सोयाबीन, तूर आणि कपाशी. माणसे वेगळी, खाणेपिणे वेगळे. पण जिथे लकव्याची चौकशी कोणी करणार नाही असे वाटत होते तिथे तो पहिल्या क्रमांकावर निघाला, तर त्याहून अधिक रस्ते, अधिक दुचाकी आणि अधिक पाकिटबंद खाणे असलेल्या तालुक्यात तो मागे असेल असे मानायला काही आधार नाही.

नळी आणि दाब

लकवा हा मेंदूच्या रक्तवाहिनीचा आजार आहे. एकतर रक्तवाहिनीत गुठळी अडकते आणि पुढच्या भागाचे रक्त बंद होते, किंवा वाहिनी फुटून रक्त मेंदूत पसरते. हृदयविकाराच्या झटक्यातही रक्तवाहिनीच बंद पडते, फक्त ती हृदयाच्या स्नायूंना रक्त पुरवणारी असते. म्हणून डॉक्टर या दोन्ही आजारांना एकाच कुळातले मानतात. कुळातला थोरला म्हणजे उच्च रक्तदाब.

शेतातल्या ठिबकच्या नळीचे उदाहरण घेतले तर गोष्ट लवकर कळते. पंपाचा दाब रोज थोडा जास्त राहिला तर पहिल्याच दिवशी काही फुटत नाही. नळी हळूहळू कडक होते, सांध्याशी कमकुवत होते, आत क्षार धरतो. एके दिवशी सांधा निसटतो आणि शेतकरी म्हणतो, काल तर चांगली होती. रक्तवाहिनीचेही तसेच. १४०/९० च्या वर दाब सतत राहिला की वाहिनीचे आतले अस्तर खराब होते, भिंत जाड होते, चरबी साचायला जागा मिळते. मेंदूच्या आतल्या बारीक वाहिन्या तर केसासारख्या, त्या आधी दगा देतात. उपमा इथवरच चालते. ठिबकची नळी बदलता येते.

हे नुकसान किती, याचे मोजमाप २००२ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात आलेल्या एका प्रचंड पाहणीने दिले. ६१ अभ्यासांतल्या सुमारे दहा लाख माणसांची माहिती एकत्र केली गेली. चाळीस ते सत्तर वयोगटात वरचा आकडा ११५ च्या पुढे दर २० ने वाढला की लकव्याने मरण्याचा धोका दुपटीहून जास्त होतो, असे दिसले. म्हणजे १३५ पेक्षा १५५ दुप्पट वाईट आणि १७५ चौपट. ‘माझे बीपी थोडेच जास्त असते’ या वाक्यातला ‘थोडेच’ किती महाग पडतो ते यावरून कळावे.

आणि हा दाब किती जणांना आहे? २०१९ ते २०२१ दरम्यान झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या पंधरा वर्षांवरील स्त्रियांपैकी २१ टक्के आणि पुरुषांपैकी २४ टक्के जणांचा रक्तदाब वाढलेला होता किंवा ते त्यासाठी गोळ्या घेत होते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात वीस वर्षांवरील लोकांत हे प्रमाण ३५ टक्क्यांच्या पुढे गेले. वयोगट आणि पद्धत वेगळी असल्याने आकडे जुळत नाहीत, पण दोन्हींपैकी कोणताही धरला तरी एसटीच्या एका भरलेल्या गाडीत दहा-पंधरा प्रवासी निघतात. त्यांच्यातल्या अनेकांना पत्ता नसतो, कारण रक्तदाब दुखत नाही.

हृदयविकाराबाबतही विदर्भाचा एक धागा आहे. ५२ देशांत झालेल्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासातल्या दक्षिण आशियाई रुग्णांचा वेगळा हिशेब २००७ मध्ये अमेरिकी वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्या निबंधाचे पहिले लेखक होते नागपूरचे डॉ. प्रशांत जोशी. आपल्याकडे पहिला झटका सरासरी ५३ व्या वर्षी येतो, इतर देशांत जवळपास ५९ व्या. सहा वर्षे आधी. हे ऐकले की लोक म्हणतात, आपले रक्तच तसे. निबंध सांगतो ते वेगळे आहे. तंबाखू, कोलेस्टेरॉल, रक्तदाब, मधुमेह, पोटाचा घेर, व्यायामाचा अभाव, भाजी-फळे कमी, अशा नेहमीच्याच कारणांनी हा फरक बहुतांशी उलगडतो. झटका न आलेल्या निरोगी लोकांतही रोज फळे-भाजी खाणारे आपल्याकडे २६ टक्के होते, इतरत्र ४५. याच ‘इंटरहार्ट’मध्ये तंबाखू चघळणाऱ्यांना हृदयविकाराचा धोका न चघळणाऱ्यांच्या दुपटीहून जास्त आढळला. बिडी सोडून खर्ऱ्यावर आलेल्या आणि ‘आता धूर बंद केला’ असे समाधानाने सांगणाऱ्या माणसांनी हा आकडा दोनदा वाचावा. पानठेल्यावर खर्रा घोटला जातो तेव्हा धूर निघत नाही एवढेच.

मुंबईतली मुळी आणि जगाची गोळी

रक्तदाबावर औषधच नव्हते, असा काळ फार जुना नाही. १२ एप्रिल १९४५ रोजी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट मेंदूतल्या रक्तस्रावाने गेले, तेव्हा त्यांचा रक्तदाब ३००/१९० नोंदवला गेला होता. जगातल्या सर्वांत बलाढ्य देशाच्या प्रमुखाला देण्याजोगे खात्रीचे औषध त्याच्या डॉक्टरांकडे नव्हते. कित्येक नामवंत डॉक्टरांना तर वय वाढले की दाब वाढणे गरजेचेच आहे, तो उतरवू नये, असे वाटे.

चार वर्षांनी, १९४९ मध्ये, ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये मुंबईहून आलेला एक निबंध छापून आला. लेखक केईएम रुग्णालयाचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील. विषय होता सर्पगंधा. आपल्या वैद्यांना ही मुळी पिढ्यान्‌पिढ्या माहीत होती. मन भ्रमिष्ट झालेल्यांना, झोप न येणाऱ्यांना ती दिली जाई. १९३१ मध्ये गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी तिच्याने रक्तदाब उतरतो असे लिहून ठेवले होते. डॉ. वकील यांनी केले ते असे की रुग्ण निवडले, औषध ठरलेल्या मात्रेत दिले, आधीचा आणि नंतरचा दाब मोजला आणि ते सगळे जगाला तपासता येईल अशा रीतीने मांडले. ‘आमच्याकडे सगळे आधीपासूनच होते’ असे म्हणणारे पुष्कळ असतात. मोजून दाखवणारे थोडे, आणि जगाने ऐकले ते त्यांचे.

१९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी त्या मुळीतून रिसर्पिन हे द्रव्य वेगळे काढले. १९५७ मध्ये डॉ. वकील यांना अमेरिकेतला मानाचा लास्कर पुरस्कार मिळाला. पुढे अमेरिकेत डॉ. एडवर्ड फ्रीस यांनी माजी सैनिकांच्या रुग्णालयांत एक चाचणी केली. खालचा आकडाच ११५ ते १२९ असलेले १४३ पुरुष. अर्ध्यांना खोटी गोळी, अर्ध्यांना तीन औषधांचे मिश्रण, त्यातले एक रिसर्पिन. खोटी गोळी घेणाऱ्या ७० जणांत २७ गंभीर घटना घडल्या आणि चार जण दगावले. खरे औषध घेणाऱ्या ७३ जणांत गंभीर घटना दोन, मृत्यू एकही नाही. १९६७ मध्ये हे निष्कर्ष छापले गेले आणि दाब उतरवावा की नाही, हा वाद तीव्र रक्तदाबापुरता तरी मिटला.

रिसर्पिन आता फारसे वापरले जात नाही. उदासी येणे, नाक चोंदणे असे त्याचे त्रास होते आणि त्याहून सुटसुटीत औषधे आली. (सर्पगंधेची मुळी आणून घरी उगाळणाऱ्यांसाठी : मात्रा ठरवता येत नाही, रक्तदाब धोक्याइतका खाली जाऊ शकतो. तो उद्योग करू नये.) ॲम्लोडिपिन, टेल्मिसार्टन, क्लोर्थॅलिडोन ही आजची नावे. यातले एकही नवे नाही, दुर्मीळ नाही आणि महागही नाही.

औषध आहे, मग लकवा का?

हा प्रश्न वैद्यकशास्त्राला गेल्या दहा-पंधरा वर्षांत जास्त छळतो आहे. उत्तर प्रयोगशाळेत सापडणारे नाही. ते गावात आशाताई घरोघरी जातात तेव्हा ऐकू येते : ‘‘मले तं काहीच होत नाही, मंग रोज गोळी कायले खाऊ?’’

या प्रश्नात काही चूक नाही. ज्याला त्रास नाही त्याला औषध कशाला, हे जगण्याचे साधे शहाणपण आहे. रक्तदाब त्या शहाणपणाला चकवतो. ‘एकदा गोळी सुरू झाली की जन्मभर सुटत नाही’ ही भीती त्यात मिळते, म्हणून माणूस सुरूच करत नाही. सुरू केली तर महिनाभराने दाब १३० येतो आणि ‘बीपी बरे झाले’ म्हणून थांबवतो. गोळीमुळे आकडा खाली आला हे कोणी समजावून सांगितलेले नसते. मग कारणे व्यवहाराची. सोंगणीच्या दिवसांत दवाखान्यासाठी दिवस मोडणे परवडत नाही. कोणी ऊसतोडीला गेला, कोणी पुण्याला बांधकामावर. गेल्या वेळी पांढरी गोळी होती, या वेळी पिवळी मिळाली, म्हणून घेतली नाही. कधी केंद्रात गोळ्याच संपलेल्या.

या कारणांवर उपाय शोधण्यासाठी नोव्हेंबर २०१७ मध्ये ‘भारत उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम’ सुरू झाला. आरोग्य मंत्रालय, वैद्यकीय संशोधन परिषद, राज्य सरकारे आणि जागतिक आरोग्य संघटना त्यात आहेत. सुरुवातीला पाच राज्यांतले २५ जिल्हे, महाराष्ट्रातले चार. त्यात सातारा आणि सिंधुदुर्गबरोबर विदर्भातले वर्धा आणि भंडारा होते.

या उपक्रमाने एकही नवे औषध आणले नाही. डॉक्टरागणिक वेगळी चिठ्ठी, हा प्रकार बंद केला. ठरलेली दोन-तीन औषधे, ठरलेल्या पायऱ्या : पहिल्याने दाब आटोक्यात आला नाही तर पुढची पायरी कोणती, हे भिंतीवरच्या तक्त्यात लिहिलेले. औषधे मोजकी असल्यामुळे साठा किती लागेल हे आधी सांगता येते आणि रंग बदलत नाही. महिन्याचे औषध एकदम द्यायचे, शक्यतो गावाजवळच्या उपकेंद्रातून. ठरल्या तारखेला न आलेल्याला फोन करायचा किंवा त्याच्या घरी जायचे. आणि दर तिमाहीला, किती जणांचा दाब तपासला याऐवजी किती जणांचा दाब आटोक्यात आहे, हे मोजायचे. शेवटची गोष्ट कागदी वाटते, पण सरकारी आरोग्यसेवेत काय मोजले जाते त्यावर काय केले जाते ते ठरते. तपासणी शिबिराचा फोटो छापून येतो, सहाव्या महिन्यातल्या गोळीचा येत नाही.

सप्टेंबर २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या व्यासपीठावर या कामाचा गौरव झाला तेव्हा ते २३ राज्यांतल्या १३० हून अधिक जिल्ह्यांत पोचले होते. ३४ लाखांहून जास्त लोक सरकारी केंद्रांतून उपचार घेत होते आणि त्यांच्यापैकी जवळपास निम्म्यांचा दाब आटोक्यात होता. निम्मे हा आकडा आनंदाचा की काळजीचा? पूर्वीच्या परिस्थितीशी ताडला तर आनंदाचा. उरलेल्या निम्म्यांच्या घरच्यांना विचारले तर उत्तर वेगळे येईल.

इतका खटाटोप करून लकवे खरेच कमी होतात का, याचे ठोस उत्तर चीनच्या खेड्यांतून आले. तिथे ३२६ गावांतल्या जवळपास ३४ हजार रुग्णांवर चाचणी झाली. निम्म्या गावांत रक्तदाबाची जबाबदारी गावातल्या आरोग्यसेवकांवर दिली गेली. हे लोक आपल्या अर्थाने पदवीधर डॉक्टर नव्हते. थोडे प्रशिक्षण, साधा तक्ता, स्वस्त औषधे आणि दाब १३०/८० च्या खाली आणायचे लक्ष्य. तीन वर्षांनी त्या गावांत हृदयविकार आणि लकवा मिळून गंभीर घटना एक तृतीयांशाने कमी झाल्या होत्या. एकट्या लकव्याचाही हिशेब जवळपास तसाच. ‘लॅन्सेट’ने हे छापले. याच धर्तीवर बांगलादेश, पाकिस्तान आणि श्रीलंकेच्या ग्रामीण भागात आरोग्यसेविकांनी घरी जाऊन दाब मोजण्याची चाचणी झाली. तिथे वरचा आकडा इतर गावांपेक्षा सरासरी पाच अंकांनी जास्त उतरला. पाच अंक एका माणसाला जाणवतही नाहीत, पण अख्ख्या तालुक्यात उतरले तर वर्षाकाठी काही अंत्ययात्रा कमी होतात.

मिठाचा अभ्यासही चीनच्याच खेड्यांतला. ६०० गावांत निम्म्या ठिकाणी नेहमीचे मीठ, निम्म्या ठिकाणी सोडियम थोडे कमी आणि पोटॅशियम असलेले मीठ दिले. पाच वर्षांच्या आसपास लकव्याचे प्रमाण १४ टक्क्यांनी घटले. आपल्याकडे मीठ कमी करा म्हटले की ताटात वरून घेतलेली चिमूट आठवते. खरे मीठ लोणच्यात, पापडात, ठेच्यात, सांडग्यांत आणि मुलांच्या हातातल्या पाच रुपयांच्या पाकिटात आहे. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा दिवसाला पाच ग्रॅम, म्हणजे सपाट चहाचा चमचा, आणि तो सगळा मिळून. किडनीचा विकार असलेल्यांनी पोटॅशियमचे मीठ डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

शेलूबाजारवरून जाणारा रस्ता

मंगरूळपीर तालुक्यातल्या शेलूबाजारजवळून समृद्धी महामार्ग जातो. डिसेंबर २०२२ पासून नागपूर पूर्वीपेक्षा बरेच जवळ आले आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्यात एकाच दिवशी दहा नव्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले. त्यात वाशीमचे नाव होते, गडचिरोलीचेही. ज्या कामासाठी अकोला गाठावे लागते त्यातले बरेच उद्या वाशीमला होईल, अशी आशा आहे. पण महाविद्यालयाच्या इमारतीइतकेच महत्त्वाचे आहे ते तिथले समाजवैद्यक खाते. आपल्या जिल्ह्यात माणसे कशाने मरतात, गोळी कुठल्या महिन्यात सुटते, सोंगणीच्या काळात की रोजगारासाठी बाहेर गेल्यावर, हे प्रश्न घेऊन तिथले विद्यार्थी गावात उतरले तर वाशीमचा स्वतःचा अभ्यास उभा राहील. त्यासाठी काय लागते ते गडचिरोलीने दाखवले आहे.

तोवर आजच्या आज करता येण्यासारखे फार थोडे आणि फार सोपे आहे. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने वर्षातून एकदा जवळच्या उपकेंद्रात किंवा आरोग्य केंद्रात दाब मोजून घ्यावा. तिथे त्याचे पैसे लागत नाहीत. मोजण्याआधी पाच मिनिटे शांत बसावे, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात हृदयाच्या पातळीवर टेकवलेला. अर्धा तास आधी चहा, तंबाखू नको. एकदा जास्त आला म्हणून घाबरू नये, पुन्हा मोजावा, दुसऱ्या दिवशीही मोजावा. गोळी सुरू असेल तर डॉक्टरांना न विचारता बंद करू नये. बाहेरगावी कामाला जाणाऱ्याने महिन्या-दोन महिन्यांच्या गोळ्या मागून घ्याव्यात आणि उपचाराचे कार्ड सोबत न्यावे.

आणि लकवा आलाच तर? चेहरा एका बाजूला ओढला गेला, एक हात उचलला जाईना, बोलणे बोबडे झाले, यातले एक जरी अचानक दिसले तरी १०८ ला फोन. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. त्याआधी सीटी स्कॅन होऊन गुठळी आहे की रक्तस्राव हे कळावे लागते, म्हणून जिथे स्कॅन आहे तिथेच न्यावे. त्या गडबडीत रुग्णाला पाणी पाजू नये, ते श्वासनळीत जाते. ॲस्पिरिन देऊ नये, वाहिनी फुटली असेल तर रक्तस्राव वाढतो. बीपी वाढले म्हणून जिभेखाली गोळी ठेवू नये, दाब एकदम उतरला तर मेंदूचा आणखी भाग जातो. तेल चोळण्यात, कांदा फोडण्यात आणि लकव्याचे औषध देणाऱ्याकडे नेण्यात हेच साडेचार तास जातात. एक गोष्ट मात्र घरच्यांनी नक्की लक्षात ठेवावी किंवा कागदावर लिहून सोबत न्यावी : रुग्ण शेवटचा ठणठणीत कधी दिसला होता, ती वेळ. सकाळी उठल्यावर लकवा दिसला असेल तर रात्री झोपतानाची वेळ. दवाखान्यात पोचल्यावर डॉक्टर सर्वांत आधी तेच विचारतात.